शिवेबाहेरचे धपाटे

वसमतला मी ज्या घरात अकरा वर्षं भाड्याने राहिलो, त्या घराचे मालक सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त आपले कागदोपत्री. मोजणं काही त्यांनी सोडलं नव्हतं. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी दारात उभं केलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "उंची पाच फूट सात. चौकट सहा फूट. डोकं लागायचं न्हाई. मान्य?"

मी मान्य म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हा "मान्य?" त्यांच्या तोंडात कायमचा बसलेला होता. शेताची मोजणी झाली की दोन्हीकडच्या भावकीला समोरासमोर उभं करून त्यांनी उभी नोकरी हाच प्रश्न विचारला होता. समोरचा एकदा मान्य म्हणाला की पुढे कुरकुर करायची सोय नसे. घरातही तेच. जेवताना म्हणत, "वरणात मीठ जास्त पडलंय. मान्य?" त्यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, परातीतून मान वर न करता म्हणत, "अमान्य. गुमान जेवा." त्यांची मोजणी कधीही न मानणारं त्या घरात एवढं एकच माणूस होतं.

गच्ची आम्हा दोघांची मिळून होती, म्हणून त्यांनी तिच्यावर चुन्याची रेघ मारली होती. अलीकडे माझे कपडे, पलीकडे त्यांच्या मिरच्या. वाऱ्याने माझा टॉवेल रेघ ओलांडून गेला तर उचलून ठेवतील तर शपथ. खाली अंगणात जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारत, "प्राध्यापक, तुमच्या टॉवेलानं अतिक्रमण केलं बरं का!" मी त्यांना साहेब म्हणायचो. ते मला प्राध्यापक म्हणायचे, आणि त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती याचं माप मला कधी सापडलं नाही.

त्यांच्याबरोबर फिरायला जाणं ही एक शिक्षाच होती. पावलं मनातल्या मनात मोजत असल्यामुळे बोलता यायचं नाही. मध्येच रस्त्यात थांबून म्हणत, "आता तुमी जमिनीच्या एका गट नंबरातून दुसऱ्यात आले." मला पायाखाली तेच डांबर दिसायचं. औंढ्याला नागनाथाच्या देवळात गेलो, तर मी रांगेत आणि हे गृहस्थ मागच्या भिंतीपाशी, एक डोळा मिटून कोन बघत. परत आले आणि म्हणाले, "गवंड्यानं ओळंबा बराबर धरला व्हता." मग हात जोडले. ते देवाला की गवंड्याला, हे मी विचारलं नाही.

उपासतापास त्यांना अजिबात मान्य नव्हते. एकादशीच्या दिवशीसुद्धा ते भाकरी-पिठलं खात. पण सोयरिकीचं काही निघालं की हा माणूस कर्मठ भटजीच्या वर. कोणत्या पाहुण्याला टोपी, कोणाला नुसता टॉवेल, कोणी कोणाच्या पाया पडायचं, मातीला आधी खांदा कोणी द्यायचा, यात एक इंचही इकडेतिकडे चालत नसे. म्हणायचे, "देवाचं चुकलं तर देव इसरतो. सोयऱ्याचं चुकलं तर तीन पिढ्या बोलतात." एकदा जवळा बाजारला त्यांच्या मुलाच्या सासरी वास्तुशांत होती. व्याह्यांनी गडबडीत टोपी डोक्यावर न ठेवता पिशवीत घालून हातात दिली. यांनी ती पिशवी तिथेच खुंटीला अडकवली आणि मिळेल त्या गाडीने वसमत गाठलं. दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः आले, टोपी डोक्यावर ठेवली, चहा प्याले आणि गेले. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र माझ्या लग्नात मी काय काय चुकलो असेन याची धडकी भरली.

या घरात रेका आली ती माझ्यामुळे. ती हंगेरीची. तिकडे शेतीचं शिकत होती आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत इकडे हळदीचा अभ्यास करायला आली होती. लागवडीपासून शिजवणीपर्यंत एक अख्खं पीक तिला बघायचं होतं. आमच्या कॉलेजात इंग्रजी बोलणारा म्हणून तिला माझ्या गळ्यात बांधण्यात आलं. राहायचं कुठे, हा प्रश्न काकूंनी सोडवला. "वरची दुसरी खोली रिकामीच हाय की. तिथं घुशी राहतेत, त्याच्यापेक्षा पोरगी राहील."

साहेबांनी तिलाही दारात उभं केलं. "पाच फूट अकरा. वाकून यावं लागल. मान्य?" तिने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगायच्या आत काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, अमान्य म्हण." ती म्हणाली, "अमान्य." तो तिचा पहिला मराठी शब्द.

पहिल्याच दिवशी रेकाची रेखा झाली. मराठी ती काकूंच्या हाताखाली शिकली, त्यामुळे पुस्तकी मराठीचं वारंही तिला लागलं नाही. सोनेरी केसांची ती उंच मुलगी जिन्यात मला अडवून "काहून हो सर, आज लय उशीर करून राहिले?" असं विचारायची, तेव्हा मी बावीस वर्षं भाषा शिकवतो याची लाज वाटायची. काकूंना ती आई म्हणायची, साहेबांना दादा. हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी बसून तिची नखं पिवळी झाली आणि ती जाईपर्यंत पिवळीच राहिली.

बांधावरची भांडणं मिटवायला लोक साहेबांना अजून बोलावत. ते रेकाला सोबत नेत. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं यांच्या. ही कोण, असं लोक विचारत. सुरुवातीला ते सगळं सांगायचे, हंगेरी, हळद, कॉलेज. मग कंटाळले आणि "लेक हाय माझी" एवढंच म्हणायला लागले. लोक एकदा तिच्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे बघत आणि गप्प बसत. मोजणीदाराशी कोण वाद घालणार? ती निघाली तेव्हा बसस्टँडवर काकूंनी तिची ओटी भरली. दोघी गळ्यात पडून रडल्या. साहेब बाजूला उभे राहून तिच्या बॅगेला दोरी आवळत होते. बॅगेला दोरीची गरज नव्हती.

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा. तीन वर्षांनी एका सकाळी काकूंनी चहा ठेवला आणि ओट्यापाशी बसल्या, त्या उठल्याच नाहीत. साहेबांची हाक ऐकून मी खाली धावलो. डॉक्टर येऊन गेले. मुलगा हिंगोलीहून निघाला. मी रेकाला फोन लावायला मोबाईल काढला, तर साहेबांनी माझा हात धरला. "तिला आत्ता न्हाई. येणं व्हायचं न्हाई तिचं. परक्या मुलखात एकटीच तळमळत बसल पोरगी." मला ते पटलं. संध्याकाळच्या आत माती झाली. तेरावं झाल्यावर त्यांनी मजकूर सांगितला आणि मी तो टाइप करून पाठवला. उत्तर एका शब्दाचं आलं. "कळलं."

रविवारचे फोन महिन्यावर गेले, मग सणावर. दीडेक वर्षाने तिच्या लग्नाचं बोलावणं आलं. साहेबांकडे पासपोर्टच नव्हता. तो हातात पडला तेव्हा लग्न होऊन दोन महिने झाले होते. पण त्यांनी ठरवलं ते ठरवलं. "लग्न हुकलं ते हुकलं. लेक दिली ते घर बापानं बघायला नगं?" मी म्हणालो, मीही येतो. ते म्हणाले, "येतो काय? नेऊनच राहिलो तुमाला. माझं इंग्रजी कोण बोलल?"

व्हिसाच्या कागदावर मी नातं लिहिलं होतं, परिचित. त्यांनी ते खोडून लेक लिहायला लावलं. मुंबईच्या कचेरीत तिथल्या माणसाने मुलीचं नाव बघितलं, यांचं नाव बघितलं आणि हिंदीत विचारलं, "ये आपकी बेटी है?" साहेब म्हणाले, "बराबर." पुढचा पाऊण तास मी त्या काउंटरवर जे काही बोललो, तेवढं माझ्या मुलाखतीतही बोललो नव्हतो. व्हिसा मिळाला. साहेब तोवर हॉलच्या फरशा मोजत होते.

बुडापेस्टला रेका आणि तिचा नवरा गाबोर विमानतळावर आले होते. ती साहेबांच्या पाया पडली. हसली, पण पूर्वीसारखी नाही. गाबोरही बिचारा गुडघ्यावर वाकला. साहेबांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि नजरेने मापलं. "सहा फूट एक. जोडा बराबर हाय."

दोन दिवस आम्ही ते शहर बघितलं. म्हणजे मी बघितलं, साहेबांनी मोजलं. नदीवरचा जुना पूल त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांनी मापला आणि आकडा सांगितला. गाबोरने मोबाईलवर बघून चार मीटरचा फरक काढला. साहेब शांतपणे म्हणाले, "यांची मोजणी पुन्हा करायला सांगा." नदीकाठचं संसदेचं घर बघून लोक फोटो काढत होते. यांनी त्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते तपासलं आणि आहेत म्हणून समाधानाने मान हलवली. गरम पाण्याच्या हौदात तिथले म्हातारे छातीभर पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळत होते. साहेब बनियन घालूनच उतरायला निघाले होते, महत्प्रयासाने ते काढायला लावलं. पाण्यात बसले आणि म्हणाले, "उनकेश्वरचं कुंडच की हे. नुसतं पाट्या इंग्रजीत हायेत." त्या इंग्रजीत नव्हत्या, पण मी बोललो नाही.

आणि खाल्लं किती! रस्त्यावर दांडक्याला गुंडाळून भाजलेली साखरेची पोळी त्यांनी दोन वेळा घेतली. हॉटेलात सूप मागून घेतलं, वर ब्रेडने वाटी पुसली. बिलं मात्र सगळी हट्टाने स्वतः दिली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी गाबोरच्या गाडीतून त्यांच्या गावाला गेलो. दक्षिणेकडे दोन-अडीच तास. परभणी रस्त्याने जावं तसा सपाट मुलूख. गावात बैठी घरं आणि प्रत्येक घराच्या वळचणीला लाल मिरच्यांच्या माळा. गाबोरचं घर मिरचीवालं. घरात तो, रेका आणि त्याची आजी, एवढीच माणसं. साहेबांनी आहेर काढला. रेकाला लुगडं, गाबोरला टोपी-टॉवेल, आजीला साडी. टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने जावयाच्या डोक्यावर ठेवली. आजीने साडी उलगडून बघितली, नाकाला लावली आणि ती टेबलावर अंथरायची समजून टेबलावर अंथरली. त्या साडीवरच सगळं जेवण मांडलं गेलं. कोंबडीचा लालभडक रस्सा, पिठाच्या उकडलेल्या गुठळ्या, काकडी, ब्रेड, मनुकांचा केक.

साहेबांनी हात जोडले. "पोट भरलंय."

आजीने ताट पुढे सरकवलं. यांनी मागे सरकवलं. ते ताट तीन वेळा आलं-गेलं. पाण्याचा पेलाही तसाच राहिला. आजी माझ्याकडे बघू लागली. मला तेव्हा सगळा उलगडा झाला, पण तो इंग्रजीत कसा मांडावा सुचेना, म्हणून मी ठोकून दिलं की आज त्यांचा उपवास आहे. रेका माझ्याकडे बघतच राहिली. मग मराठीत म्हणाली, "सर, दादा कधी उपास धरत न्हाईत." त्यानंतर ती जेवली नाही. मी मात्र जेवलो. माझ्यासमोर कोंबडी होती आणि रागवायचं कारण मला नव्हतं.

सकाळी उठलो तर साहेब अंथरुणात नाहीत. शोधत शोधत रस्त्याने निघालो. गाव संपतं तिथे एक पाटी होती, गावाचं नाव आणि त्यावर तिरपी लाल रेघ. तिकडे प्रत्येक गावाच्या शेवटी अशी पाटी असते, म्हणजे आता हे गाव संपलं. त्या पाटीच्या पलीकडे दोन हात अंतरावर साहेब गवतात मांडी घालून बसले होते. समोर फडकं, फडक्यावर वसमतहून आणलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बुडापेस्टला विकत घेतलेली पाण्याची बाटली.

"या," ते म्हणाले. "यांच्या सरकारचं काम चांगलं हाय. शीव आखून ठेवली. आपल्याकडं विचारत बसावं लागतंय."

"साहेब, अहो हे काय?"

"लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरी जेवत न्हाई. माझा बाप आत्याच्या गावाला जायचा तर शिवेच्या आत पाणी सुद्धा पेत नव्हता. तुमाला म्हाईत हाय की."

"मला आहे. त्यांना नाही. तुम्ही रेकाला सांगा तरी."

"लेकीला सांगायचं असतंय व्हय? तुझ्या घरचं खात न्हाई, आसं तिच्या तोंडावर बोलायचं? सासरच्यांपुढं? हे समजून घ्यायचं असतंय."

"मग मी कसा जेवलो?"

"तुमी जेवा की. तुमची कोण लागती ती? विद्यार्थिनी." आणि त्यांनी अर्धा धपाटा मोडून मला दिला.

समजून घेणारं तिथे कोणी नव्हतं. दिवसातून दोनदा हा मुंडाशातला म्हातारा पाटीखाली फडकं पसरून बसलेला गावाने बघितला. ट्रॅक्टरवाले वेग कमी करून जाऊ लागले. एकाने तर गाडी थांबवून त्यांना सफरचंद दिलं. ते त्यांनी घेतलं, कारण तो माणूस पुढच्या गावचा निघाला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी आजीला विचारलं, तुमचा पाहुणा रस्त्यावर का जेवतो? आजी स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली आणि रेकाला काहीतरी बोलली. रेकाने मला सांगितलं, "आजी इचारून राहिली, आमच्या घरात काय घाण हाय?" मी सांगायला तोंड उघडलं तोवर ती सायकल काढून निघालीही होती. मी तिच्या मागे धापा टाकत पोचलो.

ती साहेबांच्या समोर उभी होती. सायकल रस्त्यात आडवी.

"दादा, तुमी माझ्यावर रागावले. आई गेल्याचं कळल्यावर बी मी आले न्हाई म्हणून. मंग तसं बोला की. हितं बसून काहून जेवून राहिले? गावाला दाखवायला?"

साहेबांच्या हातातला घास हातात राहिला. "रागावू काहून? अगं, लेकीच्या घरी बाप जेवत न्हाई. लेकरू होईस्तोवर. रीतच हाय ती."

"लेक?"

"व्हय. लेकच की."

मला वाटलं, आता ती हसेल आणि प्रकरण मिटेल. ती हसली नाही. तिचा चेहरा लाल होत गेला.

"मी तुमची लेक हाय. मंग आई गेली तवा मी कोण व्हते?"

साहेबांनी घास परत फडक्यावर ठेवला.

"शेजारची म्हातारी वारली तवा तिची लेक येईस्तोवर सांजपर्यंत माती थांबवली व्हती. आई माझ्याजवळ बसली व्हती. तिनंच मला सांगितलं, लेक आल्याबिगर उचलत न्हाईत. आन तिच्या येळी मला तेराव्यानंतर कळवलं. ते बी सरांच्या हातून. दोन वर्सं मी इचार करून राहिले, माझं काय चुकलं."

"बाई, तुझं येणं झालं नसतं."

"नसतं झालं. तर मी म्हणले असते, दादा, उचला. पण ते मी म्हणायचं व्हतं. तुमी न्हाई." ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. "जेवायच्या येळी लेक आन मातीच्या येळी परकी. ही मोजणी अमान्य हाय मला."

तिने सायकल उचलली आणि गेली.

आम्ही दोघं तिथेच बसलो. तो निरोप माझ्याच बोटांनी टाइप झाला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "प्राध्यापक, चुकलं का हो?"

"चुकलं," मी म्हणालो. "तुमचं आणि माझं पण."

त्यांनी फडक्याला गाठ मारली. पण उठले नाहीत. मीही नाही.

दोनेक तास गेले असतील. गावाकडून तिघं चालत येताना दिसली. पुढे आजी, काळा रुमाल बांधून. मागे गाबोर, दोन्ही हातांत कपड्याने धरलेलं पातेलं. त्याच्या बाजूला रेका, काखेत ब्रेड. साहेबांनी दिलेलं लुगडं तिने अंगावर नुसतंच गुंडाळलं होतं, नीट नेसता आलं नव्हतं. पाटीपाशी ती थांबली, मग शीव ओलांडून अलीकडे आली आणि साहेबांच्या समोर गवतात बसली. पातेल्यात मसुरीचं घट्ट वरण होतं.

"दादा, हा कडू घास हाय. आईचा."

माणूस गेल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. पहिला घास सोयऱ्याधायऱ्यांच्या घरून येतो आणि दुःखातल्या माणसाला तो खावाच लागतो. वसमतला काकू शेजारपाजारी टोपलं घेऊन जात, तेव्हा रेका त्यांच्यासोबत जायची. काय बघितलं आणि काय ध्यानात ठेवलं या पोरीने! घरी गेल्यावर तिने आजीला एवढंच सांगितलं होतं की यांची बायको वारली आणि आपल्या घरून यांना अजून घास गेला नाही. आजीने पुढे काही विचारलं नाही. उठली आणि चूल पेटवली.

"दोन वर्सं उशीर झाला," रेका म्हणाली. "पण सोयऱ्याच्या घरचा हाय. ह्याला न्हाई म्हणत न्हाईत."

साहेबांनी पातेल्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. मनातल्या मनात त्यांनी रीत तपासली असणार. कुठे फट सापडली नाही. रेकाने ब्रेड मोडला, वरणात बुडवला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी तोंड उघडलं.

तो घास त्यांच्या तोंडात नुसता फिरत राहिला. काकूंच्या मातीच्या दिवशी मी सगळा वेळ त्यांच्या शेजारी होतो. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ते हुंदके देऊन रडायला लागले, भररस्त्यात, ट्रॅक्टरवाल्यांसमोर. आजी त्यांच्या शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवत आपल्या भाषेत काहीबाही बोलत राहिली, आणि हे मान हलवत राहिले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"चुकलं माझं, रेखा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या मुलानेही कधी ऐकलेलं नव्हतं.

"पुन्हा आसं करायचं न्हाई."

"न्हाई."

त्यानंतर आम्ही चार दिवस होतो. तो एक घास सोडला तर साहेब शेवटपर्यंत पाटीपलीकडेच जेवले, धपाटे संपल्यावर पुढच्या गावाहून विकत आणलेला ब्रेड. गाबोरने तिथे एक लाकडी बाकडं नेऊन टाकलं. आजी स्वतःचं ताट घेऊन तिथे त्यांच्याशेजारी जेवायला जाऊ लागली, आणि निघायच्या दिवशी तर त्या बाकड्यावर जागा मिळेना. रेकाच्या घरात जेवायचं त्यांचं राहूनच गेलं. तिला मूल व्हायच्या आधी ते गेले.

गेले ते मागच्या माघात. मी तोवर बदली होऊन नांदेडला राहायला गेलो होतो. पहाटे मुलाचा फोन आला. मी विचारायच्या आत तो म्हणाला, "पहिला फोन रेखाताईला केला. दादांनी तसं बजावून ठेवलं व्हतं. ती म्हणली, थांबा, मी येते."

मग थांबले. पहिला दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. साहेबांना बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. भावकीतले एक जुने म्हातारे काठी टेकून ओट्यावर बसले होते, ते कुरकुरू लागले. "दीड दीड दिवस माती ठेवतेत व्हय? लोकं खोळंबून राहिलेत. कोण कुठली गोरी बाई, तिच्यासाठी?" मुलगा प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचा, "दादा सांगून गेलेत." म्हातारे गप्प बसायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करायचे.

ती दुपारी आली. हैदराबादहून गाडी करून, एकटी. गेटमध्ये गर्दी होती. बाहेरगावची माणसं तिच्याकडे बघत, ही कोण, ही कोण, असं कुजबुजत होती, आणि तिला पुढे सरकता येईना. तेव्हा तेच म्हातारे काठीवर भार देऊन उठले आणि ओरडले, "सरका रे! लेक आली त्यांची. वाट द्या."

लोक बाजूला झाले. ती वाकून चौकटीतून आत गेली. आत ती किती वेळ होती कोण जाणे. बाहेर कोणी घड्याळ बघितलं नाही. मग ती दारात आली, चेहरा बाहीने पुसला आणि भावाला म्हणाली, "उचला आता."